देव सरळ, पाहुणे उलटे

परवा आमच्या डॉक्टरांकडे गेले होते. टेबलापलीकडे बसून ते माझ्या केसपेपरवर काहीतरी लिहीत होते. त्यांचं लिहून व्हायच्या आत मी म्हटलं, "हट्टी नाही हो मी, डॉक्टर. पथ्य पाळते." बिचाऱ्यांचं पेन तिथंच थांबलं. त्यांनी कागद हातानं झाकला आणि माझ्याकडे असं बघितलं, की आता हिला दुसऱ्याच डॉक्टरांकडे पाठवावं.

त्यात माझा दोष नाही. उलटं वाचणं हा माझा धंदा होता. साताऱ्यातल्या एका छापखान्यात मी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम केलं, आणि त्यातली निम्मी पानं डोक्यावर उभी असायची. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला साताऱ्यात घडीच्या पत्रिका आणि घडीची माहितीपत्रकं यांची साथच आली होती. त्याआधी पत्रिका म्हणजे एक जाड कार्ड, एक गणपती आणि खाली आहेर आणू नये अशी विनंती. आता प्रत्येकाला काहीतरी उलगडणारं हवं होतं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांनी एक कोरा कागद घ्यावा. (हा अंक फाडू नये, शेजारणीलाही वाचायचा असतो.) कागद उभा धरा. वरचा अर्धा भाग मागं दुमडा. मग डावा अर्धा भागही मागं दुमडा. झालं चार पानांचं चिमुकलं पुस्तक. त्याच्या मुखपृष्ठावर एक आकडा टाका, आतल्या दोन पानांवर दोन आणि तीन, पाठीवर चार. आता कागद पूर्ण उघडा. चारही आकडे एकाच बाजूला दिसतील. खाली एक आणि चार गुणी पोरांसारखे सरळ, आणि वर दोन आणि तीन शीर्षासनात. फायदा असा, की कागद मशीनवर एकदाच जातो आणि चार पानं छापून होतात. तोटा असा, की वरची दोन पानं लावणाऱ्या बाईला गिऱ्हाइकं वेडी समजतात.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हा सासरी आणलेल्या वस्तूंत एक कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट होतं. त्याच्या जोरावर अण्णांच्या छापखान्यात लागले. अण्णा म्हणजे मालक. त्यांनी नवा कॉम्प्युटर ज्या खोलीत ठेवला तिच्या दारात चपला काढाव्या लागत. यंत्राला धूळ चालत नाही म्हणून हा नियम होता, पण गिऱ्हाइकांना वाटे की आत काहीतरी पवित्र आहे. वाईहून आलेल्या एका आजींनी तर मॉनिटरला हात जोडले आणि मला विचारलं, "प्रसाद कुठं ठेवू?" मी टेबलावर जागा करून दिली. बेसनाचे लाडू होते, नाही कशाला म्हणायचं?

त्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर फिरवायचा तर एका चौकटीत एकशेऐंशी हा आकडा टाकावा लागे. मग कॉम्प्युटर विचारात पडायचा. एकेक ओळ डोक्यावर उभी करता करता त्याला इतका वेळ लागे, की तेवढ्यात माझा चहा पिऊन व्हायचा. उलट्या मजकुरात चूक सापडली, की तो आधी सरळ करा, सुधारा आणि पुन्हा उलटा करा. म्हणजे आणखी दोन चहा. दिवसाला चार दुरुस्त्या निघाल्या की मला रात्री झोप यायची नाही. शेवटी मी मजकूर फिरवायचं सोडून स्वतःचीच नजर फिरवायला शिकले.

गिऱ्हाइकं मात्र शिकत नसत. माझ्यामागं उभं राहून पडद्याकडे बघितलं, की प्रत्येकाची मान आपोआप कलायची. एक पेढेवाले होते. त्यांना दुकानातल्या काउंटरवर तंबूसारखी उभी राहणारी जाहिरात हवी होती, दोन्ही बाजूंनी वाचता येणारी. कागदावर त्याची एक बाजू उलटीच येणार. मी त्यांना तीनदा समजावलं. चौथ्यांदा त्यांनी माझा मॉनिटरच दोन्ही हातांनी उचलला. जुना, चौदा इंची, पोत्याएवढा जड. तो उलटा धरून ते म्हणाले, "आता बरोबर दिसतंय बघा. असंच छापा." वायरी ताणल्या गेल्या, कॉम्प्युटर बंद पडला आणि मी जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पावशेर पेढे पाठवले.

शिराळ्याकडच्या एका मंडळाची मंडळी आली होती. त्यांना नागपंचमीच्या कार्यक्रमाचं पत्रक हवं होतं, आणि चारही पानांवरून वळसे घेत गेलेला एकच नाग. चित्र फार सुंदर काढून आणलं होतं. मी ते पानांवर बसवलं, छापून घडी घालून दाखवली, तर नागाची शेपटी त्याच्याच फण्यातून बाहेर आलेली. मंडळाचे अध्यक्ष गंभीर झाले. "ताई, घडी नागावनं जाती हाय. मोडल्यागत दिसतुया. पंचमीला आमच्यात कुणी भाजीसुद्धा चिरत न्हाई." मी म्हटलं, मग एकाच पानावर छोटा नाग देऊ या. ते आणखी गंभीर झाले. "ल्हान नाग नेला तर गावात आमाला पाय ठिवू द्यायचे न्हाईत." शेवटी ते पत्रक बिनघडीचं निघालं, चांगलं हातभर लांब, आणि मंडळींनी ते सुरळी करून वाटलं. नाग खूश, अध्यक्षही खूश.

पण मला सांगायची आहे ती सुभेदारांची गोष्ट. ती सांगायची तर आधी नानांची ओळख करून द्यायला हवी.

नाना आमच्या छापखान्याचे जुने जुळारी. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारा, अक्षर अक्षर उचलून ओळ उभी करणारा माणूस. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं, आणि जुळारी ते डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत वाचतो. नानांनी बत्तीस वर्षं तेच केलं होतं. मग मी आले, माझ्याबरोबर कॉम्प्युटर आला आणि नानांच्या खिळे ठेवायच्या लाकडी खणांवर लोक डबे ठेवायला लागले. अण्णांनी त्यांना घरी पाठवलं नाही, पण काम दिलं ते चिकटवण्याचं. आमचा लेझर प्रिंटर छोट्या कागदाचा, त्यामुळे मोठं पान दोन तुकड्यांत बटर पेपरवर यायचं. ते दोन तुकडे नेमके जुळवून टेपनं जोडायचे, मग त्यावरून छपाईची प्लेट बनायची. नाना ते काम निमूट करायचे. कॉम्प्युटरच्या खोलीत मात्र त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. काही विचारायचं झालं तर दारातून विचारायचे, चपला न काढता.

माझं नानांशी भांडण नव्हतं, पण मी सत्तावीस वर्षांची होते आणि छापखान्यातलं सगळं फक्त मलाच कळतं असं मला वाटत होतं. हे आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

सुभेदार उंब्रजच्या पुढच्या एका गावचे. फौजेतून निवृत्त झालेले, मिशा अजून ड्युटीवर. मुलीचं लग्न काढलं होतं. त्यांना अशी पत्रिका हवी होती, "की पंचक्रोशीत कुनी बगितली नसंल." मी त्यांना चार पानांची घडीची पत्रिका सुचवली. मुखपृष्ठावर गणपती. आत डाव्या पानावर घोड्यावर बसलेला खंडोबा, त्यांचं कुलदैवत, आणि त्याखाली आजे-पणजे धरून सगळी भाऊबंदकी. उजव्या पानावर निमंत्रण. पाठीमागं चिल्लीपिल्ली, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी. सुभेदारांना कल्पना लय आवडली. मी पान लावलं आणि ते पसंत करायला त्यांना बोलावलं.

त्या दिवशी मला साडेचारची सांगलीची एस.टी. पकडायची होती. भावाच्या घराची वास्तुशांत होती, तिथं दोन दिवस राहणार होते. सुभेदार चार वाजता आले. दारात बूट काढले, माझ्यामागं ताठ उभे राहिले आणि पडद्याकडे बघितलं. गणपती खाली सरळ. वर खंडोबा डोक्यावर, त्याच्यावर घोडा आणि घोड्याचे चारही पाय आभाळाकडे.

"मॅडम," सुभेदार अगदी हळू म्हणाले, "ह्ये काय केलंसा? दुश्मनानं बी देवाचं असं केलं नसतं."

मी म्हटलं, घडी घातली की तो सरळ होतो. त्यांचा विश्वास बसेना. मी पान पूर्ण फिरवून दाखवलं. खंडोबा सरळ झाला आणि गणपती डोक्यावर गेला.

"आता गनपती गेला की!"

"दोघांपैकी एक उलटाच राहणार, सुभेदारसाहेब."

"आसं कसं? दोनी देव आमचंच हाईत. एकाला सॅल्यूट आनि एकाला शिक्षा?"

अशा वेळी करायची गोष्ट एकच. कागदाची खरी घडी घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. आमच्या धंद्यात तिला डमी म्हणतात, आणि डमी दिल्याशिवाय काम पुढं पाठवायचं नाही हा पहिला नियम. कागद माझ्या हाताशी होता. घडी घालायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण घड्याळात चार वीस झाले होते. मी म्हटलं, "तुम्ही काळजी करू नका, आमचं रोजचं काम आहे," आणि प्रूफ पुढं सरकवलं. सुभेदारांनी हुद्द्यासकट सही केली. सही करतानाही ते खंडोबाकडेच बघत होते.

मी पर्स उचलून निघाले तर दारात नाना, हातात बटर पेपरचे दोन तुकडे.

"सुनंदाबाई, ह्यो वरचा तुकडा..."

"नाना, तुम्ही फक्त चिकटवा हो. तुम्हाला नाही कळायचं ते."

मी पुढं निघून गेले. एस.टी. मिळाली. खिडकीची जागाही मिळाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत आले तर पत्रिका छापून तयार. कुंकवाच्या रंगाची शाई, पिवळा कागद, हजार प्रतींचा सरळसोट गठ्ठा. घड्या घालायच्या बाकी होत्या. मी सवयीनं वरची पत्रिका उचलली आणि दुमडली. मुखपृष्ठावर गणपती, झकास. पत्रिका उघडली. आत खंडोबा डोक्यावर. त्याच्याही वर आजे-पणजे डोक्यावर. निमंत्रणही डोक्यावर, म्हणजे पाहुण्यांनी लग्नाला उलटं चालत यावं अशी नम्र विनंती.

मी दुसरी पत्रिका घेतली. मग तिसरी. हजारातली एखादी तरी वेगळी निघेल या आशेनं मी सात घड्या घातल्या. आठवी घालणार तोच अण्णा मागं येऊन उभे राहिले.

पत्ता लागायला वेळ लागला नाही. वरचा तुकडा नानांनी फिरवून सरळ चिकटवला होता. मशीनमन म्हणाला, त्यांना जोडताना मी बघितलंय. अण्णा नानांसमोर गेले. नाना आपल्या टेबलाशी उभे होते, हातात अजून टेपचं रीळ.

"नाना, प्रूफ सही होऊन आलं होतं. तुम्ही हात का लावलात?"

नाना एवढंच म्हणाले, "देव उलटा हुता."

अण्णा वाईट माणूस नव्हते, पण हजार पत्रिकांचा गठ्ठा समोर होता आणि गिऱ्हाईक अकरा वाजता यायचं होतं. त्यांचा आवाज चढला. "जुनी सवय सुटत नाही ना तुमची? खिळे तर आता मोडीतच काढायचेत. तुम्हीही उद्यापासून येऊ नका. घरी बसा, नातवंडं खेळवा."

नानांनी रीळ टेबलावर ठेवलं. ते गोल होतं, घरंगळत खाली पडलं आणि माझ्या पायाशी आलं. मला सगळं कळत होतं. हा माणूस दारात येऊन विचारत होता, आणि मी त्याला अर्धं मिनिट दिलं नव्हतं. बोलायला तोंड उघडलं, तोच बाहेर जीप थांबली.

सुभेदार आले ते धोतर-फेट्यात. हातात हळद-कुंकवाची वाटी, नारळ, फुलं. पहिली पत्रिका देवाची असते. ती घेऊन ते थेट खंडोबाच्या देवळात जाणार होते, जीपमध्ये घरच्या बायका तयार बसल्या होत्या. म्हणजे आणखी तासाभरात डोक्यावर उभा असलेला खंडोबा साक्षात खंडोबापुढं ठेवला जाणार होता.

"बगू," सुभेदार म्हणाले.

अण्णांनी काही बोलायच्या आत त्यांनी मी घडी घातलेली पत्रिका उचलली. मुखपृष्ठ बघून मिशा हसल्या. पत्रिका उघडली. मिशा थांबल्या. त्यांनी पत्रिका फिरवली. आता खंडोबा सरळ झाला. मग ती मिटून बघितली, तर गणपती उलटा. पुन्हा फिरवली, पुन्हा उघडली. असं तीन-चार वेळा झालं. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं.

"ह्या दोगांत भांडन लागलंय का?"

मग मी बोलले. भीती वाटत होती, तरी बोलले. "साहेब, चूक माझी आहे. घडी घालून तुम्हाला दाखवायला हवी होती, नानांनाही दाखवायला हवी होती. ते विचारायला आले होते. मला गाडीची घाई होती, मी त्यांना उडवून लावलं. त्यांना दोष देऊ नका, आणि अण्णा, तुम्हीही त्यांना घरी पाठवू नका."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले, की आता काढायचं कुणाला? तेवढ्यात सुभेदार खाकरले. नारळ टेबलावर ठेवला. दोन्ही हात बाजूला घेऊन सावधानमध्ये उभे राहिले.

"मॅडम, थांबा. ऑर्डर माजी हुती."

झालं होतं असं, की मी गेले तरी सुभेदार गेले नव्हते. त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. ते नानांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. नाना तो तुकडा हातात धरून बसले होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नाना म्हणाले, देव उलटा जातोय. सुभेदार म्हणाले, जाऊ द्यायचा न्हाई. दोन म्हाताऱ्यांनी मिळून खंडोबाला सरळ केलं, आणि सुभेदार शांत मनानं घरी जाऊन जेवले.

"शिपायानं हुकूम पाळला," सुभेदार अण्णांना म्हणाले. "शिक्षा द्याची तर मला द्या. ह्यास्नी काढलं तर मी ह्या पत्रिका हितंच ठिवून जातो, लगीन आवतानाबिगर करतो."

अण्णा खुर्चीवर बसले. बाहेर जीपमधून बायका विचारत होत्या, "आवं, झालं का न्हाई? नैवेद्य गार हुतोय!" दुसऱ्यांदा छापायला वेळ नव्हता, तो पिवळा कागदही कोल्हापूरहून यायचा. चौघंही त्या गठ्ठ्याकडे बघत राहिलो.

तेव्हा नाना हलले. त्यांनी एक पत्रिका उघडी करून टेबलावर पसरली. वरची दोन पानं सरळ, खालची दोन पानं सरळ. त्यांनी पट्टी घेऊन मधोमध कागद कापला. एका कागदाच्या दोन पट्ट्या झाल्या. खालची पट्टी बाहेरच्या बाजूला छपाई ठेवून दुमडली, झालं मुखपृष्ठ आणि पाठ. वरची पट्टी आतल्या बाजूला छपाई ठेवून दुमडली आणि पहिलीच्या पोटात सरकवली. मग खण उघडून दोऱ्याचा गुंडा काढला. जुळवलेलं पान सुटू नये म्हणून जुळारी त्याला भोवतीनं ज्या दोऱ्यानं बांधतात, तो दोरा. घडीवरून दोनदा फिरवला, गाठ न मारता टोक आत खोचलं आणि पत्रिका सुभेदारांपुढं धरली.

वर गणपती सरळ. उघडली, आत खंडोबा घोड्यावर सरळ. घोड्याचे पाय जमिनीवर. आजे-पणजे सरळ. पाहुणे सरळ. आणि कोऱ्या दोन बाजू पाठीला पाठ लावून कुणाला दिसतही नव्हत्या.

सुभेदारांनी नानांना सॅल्यूट ठोकला. कडक, पायाचा आवाज करून, फक्त पाय अनवाणी होते. माझ्या खोलीच्या दारात बूट काढायची सवय लागली होती, ते सगळीकडेच काढायला लागले होते.

कटिंग मशीनवर हजार पत्रिका कापायला तासही लागला नाही. दोरे बांधायचा प्रश्न होता. सुभेदार म्हणाले, "ती माजी ड्यूटी." पत्रिका, लाल-पिवळ्या दोऱ्याची रिळं आणि नाना, असं सगळं जीपमध्ये घालून ते गेले. आधी देऊळ. मग गावातल्या चावडीवर भावकी गोळा केली आणि तिच्या तुकड्या पाडल्या. एक तुकडी दुमडणार, दुसरी आत सरकवणार, तिसरी बांधणार. नाना मधे उभे राहून गाठ न मारता बांधायचं शिकवत होते. एका काकांनी गाठ मारली तर सुभेदारांनी त्यांना सगळ्यांसमोर पुन्हा बांधायला लावलं. काकू म्हणाल्या, "आवं, जावई काय दोरा बगून पोरगी न्हेनार हाय व्हय?" पण बांधून झालं तेव्हा त्यांनी स्वतःची पत्रिका पदरात लपवून ठेवली, कुणी चुकीची म्हणून परत घेऊ नये म्हणून.

त्या लग्नानंतर आमच्याकडे दोऱ्याच्या पत्रिकेला रांग लागली. लोक येऊन म्हणत, "ती सुभेदारांची, तशीच. दोन भागांची." ही एका चुकीतून निघालेली पत्रिका आहे हे आम्ही कुणाला सांगितलं नाही. अण्णा तर वर 'आमची खासियत' म्हणायला लागले. खिळे मोडीत गेले, तो दिवस वाईट गेला. पण नानांना उद्यापासून येऊ नका हे त्यांनी पुन्हा म्हटलं नाही, आणि नानांनीही विचारलं नाही. उद्या आला, नाना आले.

मी त्यांची माफी मागितली ती दोन दिवसांनी. त्यांच्या टेबलाशी गेले, कागद घेतला, आकडे टाकून घडी घातली आणि उलगडून दाखवली. नाना चष्मा कपाळावर सारून बघत राहिले. स्वतः घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"म्हंजे देव उलटा नव्हताच की. वाटंत हुता."

"हो नाना."

"आदी सांगायचं न्हाई का?"

"चुकले."

त्यांनी कागद खिशात ठेवला. मग, छापखान्यात कॉम्प्युटर आल्यापासून पहिल्यांदा, त्यांनी माझ्या खोलीच्या दारात चपला काढल्या आणि आत आले. पडद्यावर एका दवाखान्याचं माहितीपत्रक लागलं होतं, वरची दोन पानं उलटी. मी ते दोनदा वाचून तपासलं होतं. नाना उभ्याउभ्याच वाचायला लागले. मान कलली नाही, ओठ हलले नाहीत. मी तिसऱ्या ओळीवर होते तोवर त्यांचं पान संपलं होतं. बत्तीस वर्षं डोक्यावर उभी अक्षरं वाचलेल्या माणसाला हे पान म्हणजे बाराखडी होती. त्यांनी सरळ काचेवर बोट ठेवलं.

"डॉक्टर सोमवारी बंद म्हनालं हुतं. तुमी रविवारी घातलंय."

डॉक्टरांनी हातानं लिहून दिलेला कागद काढून बघितला. सोमवारच होता.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांकडे आणखी एक खुर्ची मागितली. अण्णांनी कशाला म्हणून विचारलं नाही. नाना पुढं सात वर्षं त्या खुर्चीवर बसले. त्यांनी कॉम्प्युटरला शेवटपर्यंत हात लावला नाही, फक्त बोट लावलं, चूक असेल तिथं. बोटाला नेहमी शाई नाहीतर तंबाखू. ते ठसे मी रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसायची आणि रोज त्यांच्यावर चिडायची, की नाना, बोट जरा लांबून दाखवा. ते हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकवायचे.

ते निवृत्त झाले त्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, फोटो काढला. सगळे गेल्यावर मी फडकं ओलं करून पडदा पुसायला गेले, तर काच स्वच्छ होती. दिवसभरात मी दोन मोठी कामं लावली होती आणि दोन्ही त्यांनी वाचली होती. त्या दिवशी माझी एकही चूक झाली नव्हती, की झालेली त्यांनी पहिल्यांदाच सोडून दिली, हे मला आजतागायत माहीत नाही. ती दोन्ही पत्रकं माझ्या कपाटात आहेत. मी ती कधी तपासली नाहीत.